टेक्श्चर स्प्रे आणि एअर रायफलचा स्टॉक : ग्रिप भारी, पण गालाची बाजू सोडा

माझी .१७७ कॅलिबरची ब्रेक बॅरल (नळी मोडून लोड करायची) एअर रायफल आहे, काळ्या प्लास्टिकच्या स्टॉकची (म्हणजे हातात धरायचा आणि खांद्याला लावायचा दस्ता), उन्हाळ्यात घाम आला की हातात नुसती सरकते. म्हणून खरखरीत फिनिशवाला टेक्श्चर स्प्रे पेंट ऑनलाइन मागवला. साध्या स्प्रे कॅनपेक्षा बराच महाग पडतो आणि रंगात दाणे असल्यामुळे कव्हरेज कमी, एका कॅनमध्ये एकच स्टॉक होईल असं धरून चाला.

ग्रिप मात्र एक नंबर. वाळल्यावर हाताला बारीक रव्यासारखं लागतं, ओल्या हातानेही पकड सुटत नाही आणि जुने ओरखडे सगळे झाकले जातात. फक्त जिथे गाल टेकतो तिथे मारू नका राव, दाढी केलेल्या दिवशी चार पेलेट (छर्रे) मारले तरी गाल चुरचुरतो. तेवढा भाग टेप लावून सोडायचा किंवा त्यावर साधा मॅट कलर द्यायचा.

खरी मेहनत स्प्रेच्या आधीची आहे. स्टॉकचे स्क्रू काढून बॅरल-ॲक्शन (नळी आणि फायर करणारा सगळा लोखंडी भाग) अख्खी बाजूला करा (स्प्रिंग पिस्टन उघडायची काही गरज नाही, त्याच्या नादी लागूच नका), आणि ॲक्शन जिथे बसते तो आतला खाचा मास्किंग टेपने नीट बंद करा, तिथे दाणे साठले तर परत बसवताना फिटिंग बिघडतं आणि नेम हलतो. मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, आणि प्लास्टिक असेल तर प्लास्टिक प्रायमर (रंग धरून ठेवणारा खालचा थर) हवाच, नाहीतर कलर पापडी धरून सुटतो. लाकडी स्टॉकला जुनं पॉलिश घासून काढलं की साधा प्रायमर चालतो.

मारताना साधारण फूटभर अंतर, हात चालता ठेवायचा, पातळ कोट. जाड मारला की ओघळ येतात आणि दाणे एका जागी गोळा होतात. कॅन मध्ये मध्ये हलवत राहा, दाणे तळाला बसतात. नोझल चोंदतं ही याची मोठी कटकट, काम झालं की कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा. दोन कोटमधल्या वेळेचं जे कॅनवर लिहिलंय ते पाळा, अधल्यामधल्या वेळी मारलात तर खालचा थर सुरकुततो. गच्चीत किंवा अंगणात मारा, मास्क लावून, खोलीत वास दिवसभर जात नाही.

पावसाळ्यात तर हातच घालू नका, दमट हवेत वाळतच नाही. वरून कोरडं वाटलं तरी आतून कच्चं असतं, आठवडाभर तरी गन ऑइल लागू देऊ नका, कलर मऊ पडतो. आणि फिकट रंग अजिबात घेऊ नका, दाण्यांत मळ बसतो, मग टूथब्रश घेऊन घासत बसावं लागतं.