कॅल्शियमची गोळी बरी की नाचणी-दूध?

साठीनंतर हाडं ठिसूळ होतात म्हणून लोक सरळ मेडिकलमधून गोळ्या आणतात, पण माझं मत आधी ताट बघा. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला साधारण १२०० मिग्रॅ कॅल्शियम लागतं, आणि १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास, ग्लासभर दुधात अडीचशेच्या आसपास मिळतं, वर तीळ आहेतच, म्हणजे बरंचसं घरातच भागतं (दात नसतील तर नाचणीची आंबील, चावायची कटकट नाही).

गोळी सोपी, यात वाद नाही. पण अन्नातलं कॅल्शियम हळूहळू रक्तात जातं आणि गोळीने लेव्हल एकदम वर जाते, २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी हार्ट अटॅकचा धोका साधारण ३० टक्के वाढल्याचं आलं आणि तेव्हापासून डॉक्टरांमध्ये वाद चालूच आहे, नंतरच्या काही अभ्यासांत तसं दिसलं, काहींत नाही. दूध पचत नसेल किंवा ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं) औषध चालू असेल तर गोळी लागू शकते, तेव्हा एका वेळी ५०० मिग्रॅपेक्षा जास्त नको, कॅल्शियम कार्बोनेटवाली गोळी जेवणासोबतच, आणि थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब.