मट वापरताय? बटणं नंतर, पॅटर्न आधी

मट हा टर्मिनलमध्ये चालणारा मेल प्रोग्राम. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, माउसशी संबंध नाही. काळ्या पडद्यावर मेलची यादी आणि एकेका अक्षराच्या कमांड, एवढाच संसार. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये तो लिहिला आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या येतात. त्याचं घोषवाक्य साधारण असं: सगळे मेल प्रोग्राम टाकाऊच असतात, हा त्यातल्या त्यात कमी टाकाऊ. पावसाळ्यापासून माझे सगळे मेल मी यावरच बघते. त्यातले अर्धे भाषांतराच्या कामाचे आणि अर्धे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपदाचे. डोक्याला ताप सोसायटीच्या मेलचाच जास्त. मी प्रोग्रामर नाही, हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना त्या हिशेबाने घ्याल. आणि कमांडची अक्षरं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन.

मट शिकवणारे बहुतेक जण आधी कमांडचा भलामोठा तक्ता हातात देतात. तो पाठ करायच्या भानगडीत पडू नका. जे आणि के ने खाली-वर जायचं, एंटरने मेल उघडायचा, स्पेसने पुढचं पान, एम ने नवा मेल, क्यू ने बाहेर. अडलं की प्रश्नचिन्ह दाबा, त्या क्षणी चालणाऱ्या सगळ्या कमांड समोर येतात. एवढं आठवड्याभरात बोटांत बसतं.

सुरुवातीच्या कमांडपैकी दोनच जोड्या नीट समजून घ्यायच्या. पहिली आर आणि जी. आर म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला उत्तर, जी म्हणजे सगळ्यांना. सोसायटीत ज्यांनी काम केलंय त्यांना हा फरक वेगळा समजावायला नको. पार्किंगबद्दलची एखाद्याची खासगी कुरकुर चुकून सगळ्या सभासदांना गेली की पुढची मीटिंग कशी होते, ते सगळे जाणतात. मटमध्ये ही दोन बटणं वेगळी आहेतच, शिवाय मजकूर लिहून एडिटर बंद केला तरी मेल जात नाही. आधी एक पडदा येतो: कोणाला, प्रत कोणाला, विषय, जोडलेल्या फायली, सगळं ओळीने. तिथे वाय दाबलं तरच मेल जातो. त्याच पडद्यावर टी ने पत्ता बदलता येतो, ए ने फाइल जोडता येते. रागाच्या भरात लिहिलेल्या मेलला या पडद्यावर एक श्वास घ्यायला मिळतो. क्यू दाबलं की मसुदा म्हणून ठेवायचा का, असं तो स्वतःच विचारतो.

दुसरी जोडी डॉलर आणि एक्स. डी दाबलं की मेल पुसला जात नाही, त्याच्यासमोर फक्त डी ची खूण होते. यू ने खूण काढता येते. डॉलरचं चिन्ह दाबलं, किंवा क्यू ने बाहेर पडलात, की तो विचारतो: इतके मेल कायमचे काढू का? आणि एक्स ने बाहेर पडलात तर केलेलं सगळं बासनात, फोल्डर जसाच्या तसा. ही सोय कळल्यावर मी पुसापुशी बिनधास्त करायला लागले.

इथवर ठीक आहे, पण एवढ्यासाठी कोणी मट वापरू नये. असं काम कुठलाही प्रोग्राम करतो, आणि दिसायलाही बरा असतो. मटची खरी किंमत त्याच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे मेल निवडायच्या अटी थोडक्यात लिहिण्याच्या पद्धतीत आहे.

छोटा एल दाबा. खाली एक ओळ उघडते: कुठले मेल दाखवू? तिथे ~एस पावती लिहिलं की ज्यांच्या विषयात पावती हा शब्द आहे तेवढेच मेल उरतात, बाकीचे नजरेआड. ~एफ म्हणजे कोणाकडून, ~टी म्हणजे कोणाला, ~बी म्हणजे मजकुरात, ~डी म्हणजे तारीख, ~झेड म्हणजे आकार. दोन शेजारी लिहिले की दोन्ही अटी लागू, मधे उभी रेघ घातली की कुठलीही एक. उद्गारचिन्ह लावलं की उलट. परत सगळे हवेत तर ऑल लिहायचं. पॅटर्न न घालता नुसता शब्द टाकला तर तो पाठवणारा आणि विषय या दोन्हींत शोधतो.

माझ्या रोजच्या वापरातला एक पॅटर्न देते: ~पी !~क्यू ~डी >३डी. यातला क्यू कॅपिटल, बाकी सगळी अक्षरं छोटी. अर्थ असा: थेट माझ्या नावाने आलेले, मी उत्तर न दिलेले, तीन दिवसांपेक्षा जुने. फोनवरून उत्तर दिलं असेल तरी आयमॅपमुळे (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत) ती नोंद सहसा सर्व्हरवर असते, म्हणून तो मेल या यादीत येत नाही. सकाळी चहा घेताना ही यादी उघडते. कोणाचं काय राहिलंय ते समोर असतं, आणि 'मॅडम, तुम्ही मेल बघितला नाहीत' हे वाक्य ऐकण्याचे प्रसंग फार कमी झाले. तो पॅटर्न मॅक्रो करून एका फंक्शन की वर बसवला आहे, रोज टाइप करावा लागत नाही.

आता गंमत अशी की हेच पॅटर्न इतर कमांडही मान्य करतात. स्लॅशने शोधताना तेच. कॅपिटल डी दाबलं की कुठले पुसू, असं विचारतो, तिथे तेच. बँकेचे तीन महिन्यांपेक्षा जुने अलर्ट उडवायचे तर ~एफ अलर्ट ~डी >३एम, संपलं. कॅपिटल टी ने खूण करायची तरी तेच. सेटिंगच्या फायलीत अमुक मेल अमुक रंगात दाखव, असं सांगायचं तर तिथेही पुन्हा तेच. एकदा सात-आठ पॅटर्न बसले की प्रत्येक नवी कमांड अर्धी आधीच आलेली असते. म्हणून म्हणते, नव्याने शिकणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात एल धरावा.

खूण करण्याबद्दल थोडं. टी ने एकेका मेलवर खूण होते, कॅपिटल टी ने पॅटर्नप्रमाणे. मग अर्धविराम दाबून जी कमांड द्याल ती खूण केलेल्या सगळ्यांवर चालते. वर्षअखेरीला ऑडिटसाठी कंत्राटदारांची बिलं एका फोल्डरमध्ये हलवायची होती. पॅटर्नने खुणा केल्या, दोन-तीन नको होते त्यांच्यावरच्या टी ने काढल्या, अर्धविराम आणि एस, फोल्डरचं नाव. आधीच्या प्रोग्राममध्ये हे काम म्हणजे चौकोनांवर टिकमार्क करत पानामागून पान उलटणं होतं.

आता मराठीचं. इथे कटकट आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असताना मटच्या कमांड चालत नाहीत. डी चं बटण दाबलं की जातो हलन्त, एल दाबलं की त, एम दाबलं की स. मट म्हणतो, या बटणाला काही काम नेमलेलं नाही. म्हणजे मेल लिहिताना मराठी, बाहेर आलं की इंग्रजी, अशी अदलाबदल सतत. शोधताना तर एल इंग्रजीत, ~एस इंग्रजीत आणि पुढचा शब्द मराठीत. याची सवय होते, पण आवड काही लागत नाही.

दुसरी गोष्ट टर्मिनलची. संगणकाबरोबर आलेल्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटत होती, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जात होती आणि काना-मात्रांच्या हिशेबात यादीचे रकाने वाकडे होत होते. केडीईच्या कॉन्सोल या दुसऱ्या टर्मिनलवर गेल्यावर बरंच सावरलं, रकाने मात्र अजून अधूनमधून हलतात. मराठी मेल लिहिण्यासाठी मी टर्मिनलमधला एडिटर सोडूनच दिला. मटला कुठलाही एडिटर चालतो, तेव्हा साधा खिडकीवाला एडिटर लावला आहे. फक्त फाइल बंद होईपर्यंत थांबण्याचा पर्याय त्याला द्यावा लागतो, नाहीतर मटला वाटतं तुम्ही काही लिहिलंच नाही.

पण शोधाच्या बाबतीत मराठीची अडचण आली नाही. मराठी मेलचा मजकूर बऱ्याचदा सांकेतिक रूपात प्रवास करतो. थरो सर्च हे सेटिंग चालू असेल तर मट तो आधी उलगडतो आणि मग शोधतो, त्यामुळे ~बी गळती लिहिलं की गळतीच्या तक्रारी बरोब्बर येतात. मेल सर्व्हरवरच ठेवले असतील तर ~बी प्रत्येक मेल उतरवून घेतो आणि वेळ खातो. अशा वेळी ~ऐवजी बरोबरचं चिन्ह घालून =बी लिहा, मग तो शोध सर्व्हरच करतो.

आणखी एक खास आवडलेली सोय. 'सोबत जोडलं आहे' असं लिहून फाइल जोडायची राहिली तर मट अडवू शकतो. त्यासाठी तो मुळात इंग्रजी शब्द शोधतो, पण काय शोधायचं ते बदलता येतं. मी त्यात सोबत आणि जोडल हे दोन तुकडे घातले. आता 'सोबत इतिवृत्त पाठवत आहे' लिहिलं आणि फाइल नसली की वाय दाबल्यावर तो थांबून विचारतो. कधीकधी 'मुलांसोबत' लिहिलं तरी विचारतो. विचारू दे.

उभारणी मात्र सोपी नाही. जीमेलसाठी नेहमीचा पासवर्ड चालत नाही. २०२२ च्या मे अखेरीपासून गुगलने अशा प्रोग्रामांना नुसत्या पासवर्डवर येऊ देणं बंद केलं. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून वेगळा अ‍ॅप पासवर्ड घ्यायचा, नाहीतर ओऑथची, म्हणजे प्रोग्रामला पासवर्ड न देता परवानगी देण्याची वाट धरायची. हेडर कॅश, म्हणजे मेलच्या वरच्या माहितीची (पाठवणारा, विषय, तारीख) आपल्या संगणकावरची साठवण, लावली नाही तर मोठा फोल्डर उघडताना दर वेळी वाट बघत बसावं लागतं. आणि सजवलेले मेल वाचायला मेलकॅप नावाच्या फायलीत लिंक्ससारखा (lynx) मजकुरी ब्राउझर जोडावा लागतो. एक पूर्ण शनिवार यात गेला असं समजा.

लिंक्स जोडल्याचा एक फायदा मी धरला नव्हता. तो मजकूर साधा करून दाखवतो आणि मेलमधल्या सगळ्या लिंक शेवटी क्रमांकाने, पूर्ण पत्त्यासह देतो. 'केवायसी आजच अद्ययावत करा, अन्यथा खातं बंद' असा बँकेच्या नावाचा मेल आला होता. बँकेचं बोधचिन्ह, रंगीत बटण यातलं काही मटमध्ये दिसत नाही. दिसली ती खालची यादी, आणि त्यात बँकेशी काडीचाही संबंध नसलेला लांबलचक पत्ता. वर एच दाबलं की मेलची सगळी हेडर उघडतात, कुठून कुठून आला ते कळतं. समितीतल्या एका ज्येष्ठ काकांना तोच मेल आला होता, त्यांना हे पडद्यावर दाखवलं. शिवाय चित्रं उतरतच नाहीत, म्हणून मेल उघडला का हे बघण्यासाठी लपवलेली चित्रंही निकामी.

उलट बाजूही आहे. विमानाची तिकिटं, मीटिंगची आमंत्रणं, कोष्टकात मांडलेलं विवरण, यांचा मटमध्ये पार खिचडा होतो. त्यासाठी मी आजही ब्राउझर उघडते.

कोणाला एवढी उभारणी नको असेल तर अल्पाइन बघा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पाइनचा तो वारस. त्याच्या तळाच्या दोन ओळींत त्या त्या वेळच्या कमांड लिहिलेल्याच असतात आणि सेटिंगही मेनूतून होतात. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यानंतरच्या काळात ज्यांनी शेल अकाउंटवर, म्हणजे नुसत्या अक्षरांत चालणाऱ्या इंटरनेट खात्यावर मेल वाचले त्यांना त्या दोन ओळी लगेच ओळखू येतील. आमच्या काकांना आल्या. त्यांच्या संगणकावर मी अल्पाइनच घालून दिलं, आणि पहिला मेल त्यांनी मला न विचारता पाठवला, लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल.