शेनिन की सोव्हिन्यों? नाशिकच्या दोन पांढऱ्या वाइन आणि आपलं ताट

नाशिकची पांढरी वाइन घ्यायची ठरली की गाडी बहुतेक वेळा शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोनच नावांपाशी येऊन थांबते. द्राक्षांची ही दोन्ही वाणं फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात नावारूपाला आली. नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि पुढे गंगापूर धरण, दिंडोरी या पट्ट्यात ही वाणं चांगलीच रुळली. मी काही वर्षं दोन्ही आलटूनपालटून आणल्या. आता घरी बहुधा एकच येते.

लुआरमध्ये द्राक्षतोड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी), पाऊस सरता सरता गोडी छाटणी (फळासाठी) आणि तोड जानेवारी ते मार्च. म्हणजे थंडी ओसरून ऊन चढायला लागतं, नेमकं तेव्हाच फळ पिकत असतं. रात्रीच्या गारव्याने फळातला आंबटपणा टिकतो, फेब्रुवारीच्या उन्हात तो भराभर उतरतो. शेनिन हे बऱ्यापैकी सोसते, पीकही भरघोस देते. सोव्हिन्यों नाजूक. तोड लांबली की तिचा तो हिरवा, ढोबळ्या मिरचीची आठवण करून देणारा वास आणि लिंबासारखी धार दोन्ही जातात. वेळेवर तोडलेली सोव्हिन्यों प्यायलो की त्या बागायतदाराबद्दल मनापासून आदर वाटतो.

जेवणाचं म्हणाल तर तिखटापुढे शेनिन सरस आहे, हे मान्यच करायला हवं. तिच्यात बहुधा असणारी किंचित साखर मिरचीची आग शमवते. कोळंबीचं झणझणीत कालवण किंवा भरली वांगी असतील तर मी आजही तिलाच हाक मारीन. सोव्हिन्यों अशा वेळी तोंड आणखी पोळवते, निदान माझं तरी.

पण शेनिनची एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. ती गोड निघेल की कोरडी, म्हणजे बिनगोडीची, हे नुसत्या नावावरून कळत नाही. एका वायनरीची शेनिन पेरूच्या फोडीसारखी ताजी, कोरडी; दुसरीची चक्क गोडसर. एकदा मेव्हणे जेवायला होते. हिरव्या वाटणातलं पापलेट, वर लिंबू पिळलेलं, सोबत कोथिंबीर वडी. आधीची बाटली आवडली होती म्हणून शेनिनच आणली, फक्त दुसऱ्या ठिकाणची. पहिल्याच घोटाला गोडवा पुढे आला. मासा एकीकडे, वाइन एकीकडे. ग्लास जरा कोमट झाल्यावर तर ती सरबतासारखी लागायला लागली. मेव्हणे काही बोलले नाहीत, पण ग्लास तसाच राहिला. मला फार वाईट वाटलं, कारण पापलेट उत्तम जमलं होतं.

पुढच्या खेपेला तोच बेत सोव्हिन्योंबरोबर केला. कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू यांच्याशी तिचा हिरवा वास असा मिसळला की ती या ताटासाठीच केली असावी असं वाटलं. तळलेल्या बोंबलाचा तेलकटपणाही ती छान कापते. इथल्या सोव्हिन्योंमध्येही फरक असतात, पण गोडीच्या बाबतीत तिने मला अजून फसवलेलं नाही.

तुमच्याकडे तिखट रोजचं असेल किंवा वाइन पहिल्यांदाच घेत असाल, तर शेनिन बहुधा लवकर आवडेल. किनाऱ्याकडचं खाणं, तळलेले मासे, हिरवी चटणी असा बेत असेल तर मी सोव्हिन्यों सुचवीन. फक्त बाटलीवरचं वर्ष बघून सगळ्यात अलीकडची घ्या, कारण तिचा ताजेपणा फार दिवस टिकत नाही. आणि दुकानदाराने उन्हं येणाऱ्या काचेजवळची बाटली काढून दिली, तर आतल्या फडताळातली मागा.