ऑर्लँडोत कुटुंबासह स्वस्तात कुठे राहावं: काही महिने राहून पाहिल्यावर

डिस्नी वर्ल्डला जाताना स्वस्तात कुठे राहायचं, असं कोणी विचारलं की मी आधी त्यांनाच विचारते: दुपारी दोन वाजता तुम्ही सगळे कुठे असणार? पार्कमध्ये उन्हात, की खोलीवर गार हवेत आडवे? याचं उत्तर ठरलं की मुक्कामाचं अर्धं ठरतं. भाड्याचा आकडा त्यानंतर बघायचा.

आम्ही फ्लोरिडातच राहतो, ऑर्लँडोपासून गाडीने काही तासांवर. डिस्नीचा वार्षिक पास काढला, आणि नेमके त्याच काळात आधी सासू-सासरे भारतातून आले, मग दीर आणि जाऊ मुलांना घेऊन आले. त्यामुळे कधी चौघं, कधी सहा जण अशी वरात निघायची. डिस्नीची स्वस्त हॉटेलं, बाहेरच्या हायवेवरचं हॉटेल, डिस्नीजवळच्या किसिमी गावातलं भाड्याचं घर, सगळीकडे राहून झालं. पासमुळे आम्हाला पार्कच्या पार्किंगचे पैसे लागत नाहीत, पण पाहुण्यांना लागतात. म्हणून खालचा हिशोब पाहुण्यांच्या बाजूने मांडते.

दुपारचा मुद्दा मी इतका का धरून बसले आहे? फ्लोरिडात उन्हाळ्यात सकाळी अकरापासून ऊन आणि दमट हवा अशी काही चढते की मुलं आणि म्हातारी माणसं दोघंही गळून जातात. दुपारनंतर ढग येतात, विजा कडाडतात आणि उघड्यावरच्या राइड बंद होतात. नेमक्या त्या वेळी खोलीवर येऊन दोन-तीन तास झोप काढली, तर संध्याकाळी सगळे ताजेतवाने होऊन परत जातात आणि आतषबाजी संपेपर्यंत टिकतात. खोली लांब असेल तर कोणी परत येत नाही. मग चार वाजता मुलं रडकुंडीला येतात आणि सहाला सगळं कुटुंब थकून बाहेर पडतं. एका दिवसाचं तिकीट माणशी १०० डॉलरच्या बरंच वर आहे. सहा जणांची संध्याकाळ अशी वाया गेली, तर हॉटेलात वाचवलेले ४०-५० डॉलर कुठल्या कुठे जातात.

जागा किती मोठी आहे याची नव्याने येणाऱ्यांना कल्पना नसते. १९७१ साली सुरू झालेलं हे ठिकाण सुमारे १०० चौरस किलोमीटरवर पसरलंय. त्यात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम असे चार पार्क, आणि एकातून दुसऱ्यात चालत जाणं बहुतेक वेळा अशक्यच. त्यामुळे ‘डिस्नीपासून पाच मिनिटांवर’ अशी जाहिरात असली, तरी ते अंतर बहुधा आवाराच्या हद्दीपर्यंतचं असतं. खोलीच्या दारापासून पार्कच्या दारापर्यंत किती वेळ लागतो, तेवढंच बघा.

चौघांच्या कुटुंबासाठी माझी पहिली पसंती पॉप सेंचुरी. डिस्नीच्या ‘व्हॅल्यू’ म्हणजे स्वस्त गटातलं हे २००३ चं हॉटेल. खोली २६० चौरस फूट, म्हणजे लहानच. एक क्वीन पलंग कायमचा, दुसरा भिंतीतला. दिवसा तिथे जेवणाचं टेबल असतं, रात्री पलंग खाली ओढायचा. दुपारी मुलाला झोपवायचं तर आधी टेबलावरचे डबे, चष्मे, चार्जर, अर्धवट रंगवलेली चित्रं सगळं उचलून खिडकीपाशी ठेवायचं, मग पलंग खाली. दोन-तीनदा केलं की हात बसतो. बॅगा मोठ्या पलंगाखाली सरकतात, त्यामुळे चालायला जागा राहते. बेसिनची जागा सरकत्या दाराने वेगळी केलेली आहे, म्हणून सकाळी एक जण आंघोळीला आणि दुसरा दात घासायला असं जमतं. फ्रिज आहे. मायक्रोवेव्ह खोलीत नाही, तो खाली फूड कोर्टात. बाळाचं दूध गरम करायचं असेल, तर हे आधीच लक्षात ठेवा. चार जणांच्या खोलीत तीन वर्षांखालचं बाळ पाचवं चालतं आणि त्याच्यासाठी घडीचा पाळणा मागितला की मिळतो. तीन वर्षांखालच्या मुलाला पार्कचं तिकीटही लागत नाही.

पण पॉप सेंचुरी आवडण्याचं खरं कारण स्कायलायनर. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ही दोरावरची पाळण्यांची वाहतूक पॉप सेंचुरी आणि शेजारच्या आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलांच्या मधल्या तळ्यावरून निघते. कॅरिबियन बीच या डिस्नीच्याच हॉटेलापाशी पाळणा बदलायचा, की एक फाटा एपकॉटला आणि एक हॉलिवूड स्टुडिओजला. रांग नसली तर पंधरा-वीस मिनिटांत खोलीतून पार्कात. झोपलेल्या मुलाला बाबागाडीतून उठवावं लागत नाही, गाडी तशीच आत ढकलायची. दुपारी परत येणं सोपं होतं ते यामुळे. एपकॉटला हा पाळणा मागच्या दाराशी सोडतो, वर्ल्ड शोकेसच्या भागात, तिथे पुढच्या दारासारखी झुंबड नसते. वीज चमकायला लागली की स्कायलायनर थांबवतात, म्हणून ढग दाटायच्या आधीच निघायची आम्ही सवय लावून घेतली. मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडमला मात्र इथूनही बसच.

डिस्नीच्या कुठल्याही हॉटेलात राहिलात तरी काही गोष्टी सारख्या मिळतात. रोज प्रत्येक पार्कात अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. सकाळचा तो अर्धा तास सोन्यासारखा असतो, एरवी तासभर रांग लागणाऱ्या एक-दोन राइड त्यात उरकतात. हॉटेलात गाडी लावायचे पैसे जानेवारी २०२३ पासून नाहीत, आणि पार्कातही हॉटेलच्या पाहुण्यांना पार्किंग फुकट. शिवाय हॉटेलची बस मॅजिक किंगडमच्या थेट दाराशी सोडते. बाहेरून स्वतःच्या गाडीने आलात तर तळ्याच्या अलीकडच्या वाहनतळावर उतरायचं आणि तिथून फेरीबोट किंवा मोनोरेल पकडायची. बोटीतून किल्ला दिसायला लागतो तेव्हा मुलं खूश होतात, हे खरं. पण रात्री आतषबाजीनंतर, खांद्यावर झोपलेलं मूल घेऊन, हजारो माणसांबरोबर तीच बोट पकडायची म्हटलं की बसची किंमत कळते.

सहा जण असलात की गणित बदलतं. ऑल-स्टार म्युझिक या डिस्नीच्या हॉटेलात फॅमिली स्वीट आहेत: दोन भाग, दोन बाथरूम, सिंक, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. शेगडी नाही. सहा जणांसाठी डिस्नीच्या आवारात यापेक्षा परवडणारं फारसं काही नाही, फक्त सगळीकडे बसने जावं लागतं. आर्ट ऑफ ॲनिमेशनचे स्वीट दिसायला फार सुंदर, मुलं तर वेडी होतात, आणि स्कायलायनरही आहे. पण भाव बराच चढा. त्याच तारखांना पॉप सेंचुरीच्या दोन खोल्यांचा भाव बघून मगच ठरवा. दोन खोल्या घेतल्या तर मधलं दार असलेल्या शेजारच्या खोल्या मागा. कराच्या फरकाबद्दल कोणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका: ऑल-स्टार ऑसियोला काउंटीत, तिथे १३.५ टक्के, पॉप सेंचुरीला १२.५ टक्के. २०० डॉलरच्या खोलीवर फरक दोन डॉलरचा. मात्र दाखवलेल्या भाड्यावर हा कर चढतो, हे एकूण बजेटमध्ये धरा.

आता बाहेरची हॉटेलं. यूएस १९२ या हायवेवर रांगेने हॉटेलं आहेत आणि भाडं खरोखर कमी असतं. सकाळचा नाश्ताही बरेचदा भाड्यातच येतो. सहा जणांचा नाश्ता पार्कात घ्यायचा म्हटला तर केवढ्याला पडतो ते बघा, म्हणजे हे किती मोलाचं आहे ते कळेल. पण ‘फुकट शटल’ या शब्दांवर विसंबू नका. आम्ही राहिलो त्या हॉटेलची शटल सकाळी दोनदा जायची आणि रात्री परत यायची. दुपारी एकही फेरी नाही. मॅजिक किंगडमला तीसुद्धा त्या वाहनतळावरच सोडायची, पुढे बोट होतीच. बुक करण्याआधी फोन करून दुपारची फेरी किती वाजता आहे, हे विचाराच. नाही म्हणाले तर स्वतःची गाडी हवी, आणि गाडी म्हणजे पार्किंग. मागच्या वर्षी आमच्या पाहुण्यांनी पार्कात दिवसाला ३० डॉलर भरले.

रिसॉर्ट फी नावाचा खर्च आधी बुकिंगच्या शेवटच्या पानावर उगवायचा. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत हॉटेलांना अशी सक्तीची फी धरूनच भाडं दाखवावं लागतं, त्यामुळे आता तुलना करणं पुष्कळ सोपं झालंय. तरी हॉटेलातलं पार्किंग ऐच्छिक म्हणून वेगळं राहू शकतं, तेवढं बघून घ्या.

किसिमीचं घर हा आमचा सगळ्यात समाधानाचा मुक्काम होता, आणि त्याचं श्रेय सासू-सासऱ्यांना. पहिल्या दिवशी मॅजिक किंगडम बघून झाल्यावर आई म्हणाल्या, “अगं, उद्या तुम्ही जा मुलांना घेऊन. आम्ही दोघं इथेच बरी.” हॉटेलच्या खोलीत त्यांना दिवसभर बसवणं मला जमलं नसतं. घरात स्वयंपाकघर होतं, व्हरांडा होता, मागे पोहायचा छोटा पूल होता. आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा वरणभात तयार होता. त्यांच्यासाठी तिकिटंही कमी दिवसांची काढली. चार दिवसांचं तिकीट सात दिवसांच्या आत कधीही वापरता येतं, त्यामुळे मध्ये विश्रांतीचे दिवस घेता येतात. ज्यांच्या घरात सगळे जण रोज पार्कात जाणार नाहीत, त्यांनी घराचाच विचार करावा. धुलाईचं मशीन असल्याने कपडेही निम्मेच न्यावे लागतात.

घराची साफसफाईची फी एकदाच लागते. ती दोन रात्रींवर वाटली तर अंगावर येते, सात रात्रींवर काहीच वाटत नाही. म्हणून पाच रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर मी घर घेत नाही. हिवाळ्यात पूल गरम करायचे पैसे बरेचदा वेगळे असतात. पुलाकडे उघडणाऱ्या दाराला अलार्म असतो आणि दार उघडलं की तो कर्कश वाजतो. पहिल्या दिवशी सगळे दचकले, पण लहान मुलं असलेल्या घरात तो आवाज मला हवाच होता. त्रास एकच, आय-४ हा हायवे. नकाशावर वीस मिनिटं दिसतात, संध्याकाळी ती पाऊण तासावर जातात. त्यामुळे घरातून दुपारची झोप काढून पुन्हा पार्क, हे आम्ही करत नव्हतो. एक दिवस पूर्ण पार्क, दुसरा दिवस पूर्ण घर, असं लावलं आणि ते छान जमलं.

कुठेही राहा, खाणं बरोबर न्या. पार्कात बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे. काचेच्या बरण्या, दारू आणि सुटा बर्फ चालत नाही, बर्फाऐवजी गोठवलेले जेल पॅक चालतात. जाऊबाईंचे धपाटे आणि लोणचं घेऊन आम्ही कितीतरी दुपारी निभावल्या.

ऑर्लँडोतलंच दुसरं मोठं थीम पार्क, युनिव्हर्सल, बघायचं असेल तर त्यासाठी दोन रात्री तिकडेच राहा. तिथल्या एंडलेस समर या हॉटेलात दोन बेडरूमचे स्वीट सहा जणांना पुरतात आणि भाडंही आवाक्यातलं असतं. मे २०२५ मध्ये एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क सुरू झाल्यापासून तिकडे बघण्यासारखंही वाढलंय. डिस्नीकडून रोज ये-जा करण्यात अर्थ नाही. डिस्नीच्याच फोर्ट वाइल्डरनेस या कॅम्पिंगच्या जागेत तंबूच्या एका जागेवर दहा जणांपर्यंत राहता येतं. डिस्नीच्या आवारातल्या स्वस्त पर्यायांपैकी हा एक, पण मुलं लहान असतील तर हिवाळ्यातच.

बुकिंगबद्दल एक सांगते. डिस्नीची खोली तिकिटांशिवाय, नुसती खोली म्हणून घ्या. किमान सहा दिवस आधी रद्द केली तर पैसे परत मिळतात. त्यामुळे लवकर बुक करायचं आणि नंतर सवलत निघाली की जुनी सोडून नवी घ्यायची. घरांच्या अटी याहून बऱ्याच कडक असतात. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम, तेव्हा रद्द करण्याची अट वाचल्याशिवाय घराचे पैसे भरू नका.

येत्या हिवाळ्यात नणंद येतेय, नवरा आणि एक मुलगा, तिघंच. त्यांच्यासाठी पॉप सेंचुरी घेऊन ठेवलंय. आई-बाबा पुन्हा आले की किसिमीचं तेच घर.