५.१ होम थिएटर: रिसिव्हर आणि स्पीकर बरेच महिने वापरल्यानंतर

नवीन असताना लिहायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, कारण पहिल्या आठवड्यात सगळंच भारी वाटतं. आता बरेच महिने झालेत, सिनेमे, सिरीज, मॅच, गाणी, गेम सगळं याच्यावरच चालतं, म्हणून सविस्तर लिहितो. सात चॅनलचा एव्ही रिसिव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना पुरवणारा ॲम्प्लिफायर), समोर दोन बुकशेल्फ स्पीकर, त्याच सिरीजचा सेंटर म्हणजे मधला स्पीकर, बाजूला दोन छोटे सराउंड आणि १२ इंची पॉवर्ड सबवूफर (खालच्या बेससाठी, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला). पाच स्पीकर आणि एक सब, म्हणून ५.१. मॉडेल दरवर्षी बदलतात त्यामुळे नावांत पडत नाही, काय बघून घेतलं आणि आता काय वाटतं ते सांगतो.

आधी स्पीकर ठरवले, मग रिसिव्हर. बरेच जण उलटं करतात, वॅटचा आकडा बघून रिसिव्हर घेतात आणि उरलेल्या पैशात मिळतील ते स्पीकर. पण आवाज कसा वाटणार हे मुख्यतः स्पीकर आणि खोली ठरवतात. आणि तो वॅटचा आकडा नीट वाचायला लागतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो बऱ्याचदा एकच चॅनल चालू, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज बिघडण्याचं प्रमाण) असा मोजलेला असतो. स्पेसिफिकेशन शीटमध्ये खाली कुठेतरी दोन चॅनल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के अशी ओळ असते, कामाची ती. पाचही चॅनल एकदम जोरात वाजले की त्याहूनही कमी मिळतं कारण पॉवर सप्लाय एकच असतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर तो किती जोरात वाजतो ते, जिच्याकडे कुणी फारसं बघतच नाही. ८६ डीबीचा स्पीकर आणि ९० डीबीचा स्पीकर, फरक फक्त ४, पण तेवढाच आवाज काढायला पहिल्याला साधारण अडीचपट पॉवर लागते. प्रत्येक ३ डीबीला पॉवर दुप्पट असा हिशोब आहे. आमच्याकडे नेहमीच्या आवाजात संवाद चालू असतात तेव्हा रिसिव्हर जेमतेम एखाद-दोन वॅट देत असेल, पण मधेच स्फोट झाला आणि आवाज २० डीबी वर गेला की शंभरपट पॉवर लागते, ती क्षणभरच लागते पण लागते. म्हणून मी जास्त सेन्सिटिव्ह, ८ ओहमचे स्पीकर घेतले आणि मधल्या रेंजचा रिसिव्हर घेतला, आजपर्यंत कधी ताण जाणवला नाही. ४ ओहमचे स्पीकर आवडले असतील तर रिसिव्हर ते झेपवतो का हे मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या, कारण ओहम म्हणजे रोध कमी असला की करंट जास्त खेचला जातो आणि रिसिव्हर तापतो.

आता सेंटर. माझ्या मते बजेटमधला मोठा वाटा इथे जायला हवा, कारण सिनेमातले बहुतेक संवाद यातूनच येतात. तोही समोरच्या दोघांच्याच सिरीजचा हवा, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधे तिचा आवाज बदलतो. आमचा टीव्हीखालच्या कप्प्यात आत ठेवला होता तेव्हा संवाद डब्यातून आल्यासारखे वाटायचे. तो कप्प्याच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढला, पुढच्या बाजूखाली रबराचे दोन तुकडे सरकवून तोंड जरासं वर, कानाच्या दिशेने केलं, आणि कुजबुजीतले शब्दसुद्धा कळायला लागले, श आणि स वेगवेगळे ऐकू येतात. आता घरात "काय म्हणाला तो" असं कुणी विचारत नाही, या सगळ्यात मला सगळ्यात जास्त समाधान याचंच आहे.

सबवूफरची जागा कानानेच शोधावी लागते. सोफ्यावर बसतो त्या जागी सब ठेवायचा, एकसारखी बेसलाइन असलेलं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने खाली वाकून फिरायचं, जिथे बेस घुमत नाही आणि नोट वेगवेगळ्या ऐकू येतात तिथे सब ठेवायचा. कोपऱ्यात आवाज जास्त येतो पण सगळं एकच धुम्म होतं. आमच्याकडे समोरच्या भिंतीला, कोपऱ्यापासून बऱ्यापैकी लांब अशी जागा मिळाली.

रूम करेक्शन, म्हणजे रिसिव्हर माइकने खोलीतला आवाज मोजून स्वतः सेटिंग ठरवतो ते, मात्र घाईत करू नका. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीवर, पंखा बंद, खोलीत शांतता. सोफ्याच्या पाठीवर माइक टेकवला तर मोजमाप चुकतं. झाल्यावर सेटिंग तपासा. आमच्या रिसिव्हरने समोरचे स्पीकर लार्ज (सगळा बेस स्वतः वाजवणारे) धरले होते, ते स्मॉल केले आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला आणला, म्हणजे खालचा बेस सबकडे जातो आणि रिसिव्हरवरचं ओझं कमी होतं. सबचं अंतर टेपने मोजलं त्यापेक्षा जास्त दाखवतो, ते तसंच राहू द्या, सबमधल्या सर्किटला जो उशीर लागतो तो त्यात धरलेला असतो.

तक्रार दोनच. एचडीएमआय ईआर्कवर (टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे आणणारी जोडणी) कधीकधी टीव्ही चालू केल्यावर आवाजच येत नाही, रिसिव्हर बंद-चालू केला की येतो. अपडेटनंतर कमी झालंय पण पूर्ण गेलेलं नाही, आणि आई-बाबा एकटे टीव्ही बघत असले की त्यांना हे कोडंच वाटतं. दुसरं म्हणजे रिसिव्हर चांगलाच गरम होतो. बंद कपाटात अजिबात ठेवू नका, वर वीतभर मोकळी जागा सोडा, त्याच्यावर सेटटॉप बॉक्स तर नाहीच नाही.

रात्री डायनॅमिक रेंज कमी करायचं सेटिंग रोज वापरतो, स्फोट दबतात आणि संवाद वर येतात. गाण्यांना मात्र स्टिरिओच बरं, पाची स्पीकरमधून गाणी ऐकून बघितली पण गाणारा समोर उभा राहत नाही.

महागड्या केबलच्या मागे लागलो नाही. साधी तांब्याची १६ गेजची वायर आहे, पाच-सहा मीटरला पुरते, लांब असेल तर जाड, १४ गेजची घ्या. फक्त तांबं खरं आहे का बघा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलीही त्याच दिसण्यात मिळते. दोन चॅनल अजून रिकामे आहेत, ते छतातल्या स्पीकरसाठी, म्हणजे ५.१.२ ॲटमॉससाठी (वरूनही आवाज येणारी मांडणी) ठेवलेत. वायर आधीच वर नेऊन ठेवली आहे, स्पीकर घेऊन बरेच महिने वापरले की त्याचंही लिहीन.