एअर फ्रायरमधला कुरकुरीत पास्ता : परीक्षा पातेल्यातच होते

चार लिटरच्या बास्केटवाल्या एअर फ्रायरमध्ये चहाबरोबर खायचा कुरकुरीत पास्ता छान होतो. बिघडला तर मात्र दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, उकळण्याचा असतो.

पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर १३ मिनिटं शिजवा. सॉसमध्ये घालायचा पास्ता किंचित कच्चा ठेवतात, ती सवय इथे नडते. आतल्या कच्च्या पिठाला पाणी पोचलेलं नसतं; गरम हवेत ते आणखी आटतं आणि दाताखाली खड्यासारखं लागतं. पूर्ण शिजलेल्या तुकड्यातलं पाणी वाफ होऊन निघताना बारीक पोकळ्या ठेवून जातं, खुसखुशीतपणा येतो तो त्यांच्यामुळे. म्हणूनच सुका पास्ता थेट बास्केटमध्ये टाकून काही होत नाही. पोंगे तेलात पडताच फुलतात, कारण त्यांचं पीठ आधीच शिजवून वाळवलेलं असतं. पास्त्याचं तसं नसतं.

प्रमाण : १०० ग्रॅम पास्ता, १ लिटर पाणी, १ चहाचा चमचा मीठ. शिजल्यावर वजन दुपटीच्या वर जातं आणि चार लिटरच्या बास्केटला एवढाच घाणा झेपतो. जास्त भरला तर मधले तुकडे वाफेवर मऊच राहतात. चाळणीत निथळून सुती फडक्यावर ५ मिनिटं पसरा. धुऊ नका, अंगावरची पिठूळ चिकटच पुढे कवच धरते. मग १ मोठा चमचा तेल चोळा आणि त्यावर १ मोठा चमचा तांदळाचं पीठ भुरभुरवा. क्रम उलटला तर पिठाच्या गुठळ्या होतात. बेसनही चालतं, पण ते लवकर करपतं.

फ्रायर ३ मिनिटं तापवून १९० अंशांवर १० ते १२ मिनिटं. दर ३ मिनिटांनी बास्केट हलवायचं. पहिल्यांदा तर नक्कीच, कारण तुकडे एकमेकांना चिकटतात ते तेव्हाच. खाली बेकिंग पेपर घालू नका, हवा अडते. रंग बराच वेळ फिकट राहतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत झपाट्याने चढतो, तेव्हा जागेवरून हलू नये. एक तुकडा काढून मिनिटभर गार करून मगच चावून बघा. गरम असताना तो झालेला असूनही चिवट लागतो.

आकारांत पेने सगळ्यात भरवशाची : भिंत सगळीकडे सारख्या जाडीची, नळीतून हवा खेळते, रेघांत मसाला बसतो. फुलपाखरी फारफाले ताटलीत देखणी दिसते, पण मधली चुणी दुहेरी असल्याने कडक राहते. तिला पाण्यात आणखी एक-दोन मिनिटं द्यावीत. शंख टाळावेत, एकात एक अडकून आतून ओले राहतात. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं बघून घ्या; मैद्याचा पास्ता एवढं उकळल्यावर फाटतो.

तिखट आणि लसूण पावडर आधी लावली तर कडवट होते, शिवाय पंख्याच्या वाऱ्याने उडते. बाहेर काढल्याबरोबर, तेलाची ओल असतानाच, अर्धा चमचा चाट मसाला, अर्धा चमचा काश्मिरी मिरची आणि चिमूटभर आमचूर. वरून मीठ नको, पाण्यातलं आणि चाट मसाल्यातलं पुरतं.

तळलेल्या पास्त्याइतका हा हलका होत नाही. कुरकुरीतपणा थोडा घट्ट, खाकऱ्याच्या अंगाने जाणारा. तेल मात्र चमचाभरच लागतं, आणि तेवढ्यासाठी हा फरक मान्य करावा. डब्यात भरण्याआधी पूर्ण गार करा, नाहीतर स्वतःच्याच वाफेने सादळतो. पावसाळ्यात तसाही दुसऱ्या दिवशी सादळतोच. १७० अंशांवर ३ मिनिटांत परत कुरकुरीत होतो, पण एकदाच. पुन्हा गरम केला तर नुसता कडक होतो.