सदाशिव पेठेतील एका थाळीविषयी

टिळक रस्त्याच्या आतल्या बाजूस असलेल्या एका मराठी भोजनगृहात गेल्या रविवारी दुपारी आम्ही सहकुटुंब जेवलो. हा भाग थाळीसाठी पूर्वापार नावाजलेला असल्यामुळे तुलना आपोआप होते आणि त्या तुलनेत हे भोजनगृह निश्चितच उजवे ठरते. बिलासंबंधी एक गंभीर तक्रार असल्यामुळे नाव देण्याचे मात्र टाळले आहे.

सर्वांत आधी अळूच्या पातळ भाजीविषयी लिहिले पाहिजे. पाने पूर्ण शिजवून घोटलेली होती, तरी हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे मऊ शिजूनही अख्खे राहिले होते, मुळ्याच्या चकत्यांना किंचित करकरीतपणा होता, आणि चिंच-गुळाचे प्रमाण असे साधले होते की आंबट आधी लागावे आणि गोड मागाहून जाणवावे. घशाला खवखव अजिबात नव्हती. मसालेभातही तितकाच मन लावून केलेला होता. अनेक ठिकाणी या नावाखाली हळद घातलेला पुलाव वाढतात. येथे गोड्या मसाल्याचा खरा वास, तोंडली, मोकळी शिते आणि वर ओले खोबरे व साजूक तूप होते. मठ्ठा उत्तम, बटाट्याची भाजी नेहमीसारखी. जिलबी गार आणि चिवट होती. ती घेतली नाही तरी चालेल.

थाळीचे जेवण निम्मे वाढपावर अवलंबून असते, असे मी मानतो. येथे मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे, भाज्या आणि आमटी उजवीकडे, ही पद्धत पाळली जाते, आणि आग्रह असला तरी पानात टाकावे लागेल इतके वाढत नाहीत. माझ्या सासूबाईंना पोळी चावायला त्रास होत आहे, हे कोणी न सांगता वाढणाऱ्या काकांच्या लक्षात आले; त्यांनी तव्यावरची मऊ पोळी आणून तूप लावून दिली आणि सोबत आमटीची दुसरी वाटी ठेवली.

म्हणूनच बिलात परस्पर लावलेले 10 टक्के सेवाशुल्क फार खटकले. 5 टक्के जीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा प्रत्येकी अडीच टक्के, हा कर आहे आणि तो भरलाच पाहिजे. सेवाशुल्क हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप जोडता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही या सूचना ग्राह्य ठरवल्या आहेत. गल्ल्यावर हे शांतपणे सांगितल्यानंतर थोडी कुरकुर होऊन ती रक्कम वगळलेले दुसरे बिल मिळाले. असे न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ज्या काकांनी इतक्या आपुलकीने वाढले, त्यांच्या हातात आम्ही खुशीने वेगळे पैसे ठेवले, आणि सेवेचे मोल ग्राहकाने स्वतःहून असेच द्यावे, अशी आमची इच्छा होती.

अळू आणि मसालेभात येथे फक्त रविवारी दुपारी असतात. दीडनंतर रांग जिन्यापर्यंत येते, त्यामुळे वयस्कर मंडळी सोबत असल्यास बाराच्या सुमारास पोहोचावे.